उवेचं तिकीट

कैमाना,

तू ओरेगॉनहून पाठवलेलं जुनं टपाल तिकीट मिळालं. "शेवटच्या भेटीत बाबांनी मला माफ केलं आणि हे हातावर ठेवलं," असं तू आईला कळवलंस. तिनं ते लगेच बाबांच्या फोटोपुढे ठेवलं आणि मला म्हणाली, "होनोलुलूभरची जुनी तिकिटं तपासत फिरतेस, आता घरचं बघ की!"

बघितलं. कागद जुना आहे, शाईही जमलीय. पण 'उकू लेटा', म्हणजे आपल्या हवाईयनमध्ये पत्राचं टपालभाडं, या शब्दांआधी तू उलटा स्वल्पविराम कोरलास. हल्ली शाळेच्या पुस्तकांत असतो तसा. हवाईत राजे होते त्या काळात तो छापतच नसत. शिवाय तो लावला की 'उकू'ची ऊ होते, डोक्यातली.

मी तिकीट परत फोटोपुढे ठेवलं. आईनंच चष्मा लावून वाचलं. "उवेचं पत्र!" म्हणत ती हसली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग हसू थांबलं.

"खोटं आहे," मी म्हणाले.

"ते कळलं गं. पोरगं आपली भाषा विसरलं."

तिकीट अजून फोटोपुढेच आहे, फक्त पालथं. या पाकिटाला मी तिकीट लावणार नाही; टपालभाडं तूच भर.

तुझी बहीण,
नोहेआ