लॅपटॉपला अक्षता

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी ९.३०

पूजा मांडली. विळा, खुरपं, पान्हे, वर्गात न्यायचा माझा लाकडी कंपास, आणि यंदा पहिल्यांदाच शिवांजलीचा लॅपटॉप. शिवांजली म्हणाली, पप्पा, त्याला नुसते हात जोडा, बास झालं. पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, पण रीतभात विसरली. यंत्राचा मान राखला की यंत्र आपला मान राखतं, हे तिला कोण सांगणार? मीच सांगितलं. हळद-कुंकू कीबोर्डवर टाकू देईना. म्हणून कुंकवात भिजवलेल्या अक्षता. पाच ठिकाणी. मग झाकण नीट लावून वर नारळ ठेवला. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. १० तारखेला तिची पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत आहे, तयारी करायचीय म्हणे. एका दिवसानं काय बिघडतंय?

२ ऑक्टोबर, दसरा. दुपारी १२

बिघडलं. स्क्रीनवर कोळ्याचं जाळं, मधोमध शाई सांडल्यासारखे काळे डाग. कारण उघड आहे: हलका माल. शिवाय पोरगी झाकण आपटते. अयोध्या (म्हणजे आमची सौ.) म्हणाली, काल झाकण तर तुमीच लावलं. मी अलगद लावलं होतं. विषय संपला.

शिवांजली स्क्रीनकडं बघत बसली. चार महिन्यांत तिला हा पहिलाच कॉल. मला फार वाईट वाटलं. मुलाखतीत कोड लिहायचा असतो, मोबाईलवर जमत नाही. मी शब्द दिला: दहा तारखेच्या आत मी स्वतः नवी स्क्रीन बसवून देतो.

दुपारी ४

सोनं द्यायला मोंढ्याजवळचा बसप्पा मोबाईलवाला आला. म्हणाला, सर, दुकानात आणून टाका, लातूरहून स्क्रीन मागवतो. नको म्हटलं. मी एकेकाळी रेडिओ उघडलेला माणूस आहे. अयोध्या म्हणाली, तो रेडिओ अजून माळ्यावर उघडाच हाय. हिला पाहुण्यासमोरच आठवतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हिडिओ पाहिला. अकरा मिनिटांचं काम. मी सावकाश करणार, म्हणजे वीस.

स्क्रीन ऑनलाइन मागवली. अयोध्येच्या शिवणकामाच्या टेपनं माप घेतलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत साडेतेरा इंच. साडेतेराची मिळत नाही, म्हणून चौदाची मागवली. कापड नेहमी जरा वाढवूनच घ्यावं. शिवांजली म्हणत होती, मागचा मॉडेल नंबर बघा. गणिताच्या शिक्षकाला माप घ्यायला नंबर लागत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सराव म्हणून जुनी स्क्रीन काढली. कडेची प्लास्टिकची पट्टी निघता निघेना, शेवटी उलथन्यानं काढली. दोन तुकड्यांत निघाली. व्हिडिओतला माणूस एटीएम कार्ड वापरतो. त्यानं उलथनं वापरून बघावं.

स्क्रू हरवू नयेत म्हणून अयोध्येच्या प्रेस बटणांच्या डबीत ठेवले. दूरदृष्टी.

६ ऑक्टोबर, सोमवार

अयोध्येनं डबी निवडली. लोखंडाचा बारीक कचरा होता म्हणे, टाकला. या घरात शास्त्रीय वातावरण नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ५.३०

पार्सल आलं. स्क्रीन लहान आहे. चांगली दोन बोटं.

कंपनीला तक्रार करणार होतो, तेवढ्यात रस्त्यात बसप्पा भेटला. त्याला सांगितलं. म्हणाला, आवो सर, स्क्रीन आडवी न्हाय मोजत, ह्या कोपऱ्यापसनं त्या कोपऱ्यापतुर मोजत्यात. तिरकी.

म्हणजे कर्ण. आजच दहावी ‘ब’ला पायथागोरस घेतला. पोरांना चार वेळा ओरडून सांगितलं, कर्ण विसरू नका.

घरी सांगितलं, कंपनीनं चुकीची पाठवली.

८ ऑक्टोबर, बुधवार

परत करून नवी यायला वेळ नाही. बसप्पाकडं जायला तोंड नाही. शिवांजलीनं विचारलं, होईल का पप्पा? म्हटलं, झालंच समज. ती बरं म्हणाली. हल्ली फार समजूतदारपणे बरं म्हणते. मला ते आवडत नाही.

एक विचार सुचला. गणपतीच्या मखराचं थर्माकोल शिल्लक आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ६.१५

लागली! लागली! वायर दोघींची एकच निघाली, चक्क उजेड पडला. चारी बाजूंनी थर्माकोल, वरून सेलोटेप. फ्रेममध्ये लावलेल्या फोटोसारखी दिसते. थर्माकोलवर सोनेरी चमकी राहिलीय, पण मुलाखतवाल्यांना आपली स्क्रीन थोडीच दिसते!

शिवांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून आलं असेल किंवा कौतुकानं. मी कौतुक धरलं.

७ वाजता

काम फत्ते झाल्यावर देवाला विसरू नये. दिवा लावला, पुन्हा पूजा केली. झाकण अलगद लावलं, वर नारळ ठेवला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९.१५

झाकण उघडलं. कोळ्याचं जाळं. काळे डाग.

अकराला मुलाखत. हलका माल, हलका माल असं मी दोनदा म्हणालो, पण कोणी ऐकत नव्हतं. शिवांजली खांद्याला बॅग अडकवून, आवरून दारात उभी होती. म्हणाली, पप्पा, मी दसऱ्यालाच बसप्पाकाकांना सांगून ठेवलं होतं. तयारी रोज त्यांच्याच लॅपटॉपवर करायची. आजही त्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसते. तुमी एवढं मन लावून करत होता, तुमाला नको म्हणवेना.

गेली. मी थर्माकोल सोलत बसलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ५

बसप्पाकडं दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप आणला. बरोबर मापाची स्क्रीन, नवी पट्टी, सगळे स्क्रू. निघताना त्यानं एक कागदाची पुडी हातात दिली. म्हणाला, सर, ह्ये आत घावलं. देवाचं हाय म्हणून टाकलं न्हाय. दाण्यावर झाकण दाबलं की काच जातीच, त्यात वरून कायतरी वजन ठिवलं असंल.

पुडीत कुंकवानं लाल झालेले तांदळाचे सात दाणे.

घरी येऊन ही वही उघडली. १ तारखेचं पान काढलं. ‘पाच ठिकाणी.’ अक्षर माझंच आहे, ठळक आणि सुवाच्य. ‘वर नारळ ठेवला’ हेही मीच लिहिलंय. ९ तारखेलासुद्धा. पान फाडावं असं वाटलं. पण वही दुसरं कोणी वाचत नाही, फाडून लपवायचं कुणापासून?

७.३०

शिवांजलीची निवड झाली. मेल आला. अयोध्येनं पहिला पेढा बसप्पाला धाडला. दुसरा शिवांजलीनं माझ्या तोंडात घातला, आणि लॅपटॉप देवासमोर पाटावर ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

मी लांबूनच हात जोडले. नुसते.