मौनाचा आठवडा

गुरुजी,

चार महिने झाले, आवाज बसलाय. आधी मी एसीला शिव्या घातल्या, मग लखनौच्या धुळीला, मग चौकातल्या कबाबांना. सोमवारी डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घातला आणि माझ्या डाव्या स्वरतंतूवरचा पांढरा ठिपका पडद्यावर दाखवला. "छोटा सा टुकड़ा निकालकर जाँच के लिए भेजेंगे," म्हणाले. मी मान डोलावली. मी फार घाबरलोय, आडवळणाने कशाला सांगू.

घरी काही बोललो नाही. तुमची रीत उसनी घेतली. ऑपेरात होतात तेव्हा, तुम्हीच सांगितलेलं, गाण्याच्या दिवशी तुम्ही सकाळपासून एक शब्द उच्चारत नसायचात, चहासुद्धा पाटीवर लिहून मागायचात. मीही बायकोला लिहून दिलं, शिकवणीच्या पोरांचा कार्यक्रम जवळ आलाय, आठवडाभर मौन. गोमती नगरात मी तुमचंच गाणं शिकवतो, त्यामुळे तिला पटलं. मुलगी तेवढी वैतागली. "पापा, ये तो एक दिन का होता है ना? पूरा हफ़्ता कौन चुप रहता है यार?" पोरगी हुशार आहे. बायको बिचारी माझ्यामुळे स्वतःही हळू बोलायला लागली आहे, आणि मला त्याची लाज वाटते.

तुमच्या रशियात मी इंजिनिअर व्हायला आलो होतो. आपण दोघं राहायचो त्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात तुम्ही उकडलेल्या बटाट्यांच्या पातेल्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेताय, मी भांडी घासताना गुणगुणतोय, आणि टॉवेलच्या आतून हुकूम येतो, "परत गा." अशी माझी शिकवणी सुरू झाली. पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. गुरुजी हा शब्द मीच शिकवला, आणि तो तुम्हाला इतका आवडला की दुसरं काही म्हटलं तर ओ द्यायचा नाहीत.

एकदा मी सर्दी लपवून धड्याला उभा राहिलो. दोन स्वरांत तुम्ही पियानोचं झाकण आपटलंत. मग सगळं सांगितलंत. रेल्वे इंजिनं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, कारखान्याच्या गायनवृंदातून वर आलेला, पंधरा वर्षं शहरातल्या ऑपेराचा पहिला टेनर. तुमचे वरचे स्वर ऐकायला लोक बर्फात रांगा लावायचे. एका हिवाळ्यात घसा धरला. तुमच्या जागेवर डोळा ठेवून एक तरणाबांड गायक पडद्यामागे तयारच होता, म्हणून तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. तिसऱ्या अंकात वरचा स्वर आलाच नाही. वाद्यं पुढे गेली आणि तुम्ही तोंड उघडं ठेवून उभे. पुढे शिकवणंच काय ते उरलं.

"आवाज गेला, त्याचं एक वेळ सोड," तुम्ही म्हणालात. "बायको प्रेक्षकांत बसली होती. परक्या माणसांबरोबर तिला कळलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, सकाळी मला सांगायला काय झालं होतं?"

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. वाटलं, म्हातारा भलतंच मनाला लावून बसलाय. आवाज गेला त्या माणसाचा, आणि हा बायकोचं काय सांगतोय? आता कळतं. तो ठिपका कसला निघेल या भीतीने झोप उडाली आहे, पण तिला सांगताना तिचा चेहरा कसा होईल, याची भीती त्याहून मोठी आहे. न सांगितलं तर अजून वाईट, हेही कळतं. कळून करायचं काय?

तुकडा काढताना भूल देणार आहेत, सोबत घरचं माणूस हवंच. फॉर्मवर नाव लिहायचं होतं. मी तुमचं लिहिलं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ये आपके कौन हैं? फ़ोन नंबर?"

"बाहर रहते हैं," मी कुजबुजलो.

"गुरुवार को आ तो जाएँगे ना?"

मी हो म्हटलं.

उद्याच गुरुवार. हे पत्र कुठे टाकणार, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर कागद मी बायकोला लिहायला घेतला होता.