जस्ताचे पांढरे केस

१५ फेब्रुवारी, शनि.

मिळालं! बूटही न काढता लिहितोय. मेधा स्वयंपाकघरातून ओरडतेय, कार्पेटवर माती सांडली म्हणून. सांडू दे.

फुजैराच्या डोंगरात, कोरड्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, तांब्यासाठी कधीकाळी कुणीतरी खणलेला आणि सोडून दिलेला बोगदा. इक्बालभाई मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतलं गॅरेज बंद ठेवून स्वतःच्या पिकअपमधून घेऊन गेले. रत्नागिरीचा माणूस, शब्द दिला की दिला.

आत जेमतेम दहा पावलं. उजवीकडची भिंत ओलसर, गार, आणि तिच्यावर पांढरे केस. खरोखर केस! बोटभर लांब, रेशमी, टोकाला वळलेले. फुंकर मारली तर हलले. तांब्याचे असते तर मोरचुदासारखे निळे, लोखंडाचे असते तर हिराकसासारखे हिरवट. हे शुभ्र. म्हणजे त्या दोघांचा तिसरा भाऊ, जस्ताचा. गोस्लराइट! दगडातलं जस्त-गंधकाचं खनिज हवापाण्याने कुजतं, पाण्यात उतरतं, पाझरत भिंतीवर येतं आणि असं उगवतं. एमएस्सीच्या पुस्तकात याच्यावर अडीच ओळी होत्या. पुण्यात बसून पाठ केल्या होत्या. बघायला मिळालं आज, साठीला तीन महिने कमी असताना.

जीभ लावून पाहिली. खात्री व्हावी म्हणून तीनदा.

इ.भाई: "साहेब, भिंत चाटता काय? वैनी घरी जेवायला देत नाहीत?"

तुरट. तुरटी चाटल्यासारखं, आणि मागून नाणं तोंडात धरल्यासारखी धातूची चव. या डोंगरात मॅग्नेशियम रग्गड, त्यामुळे कुणीही म्हणेल की हे एप्सम सॉल्ट. पण ते नुसतं कडू लागलं असतं. हे जस्तच.

१६ फेब्रु., रवि.

सकाळपासून ढवळतंय. दोनदा उलटी. पूर्वीचे डॉक्टर उलटी करवायला हेच पोटात द्यायचे, म्हणजे ओळख पटल्याचा आणखी एक पुरावा. हे मेधाला सांगितलं. ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण," आणि लिंबूपाणी आपटून गेली.

लेक इरा अल बर्शातल्या तिच्या फ्लॅटवरून आली होती. फोटो बघून म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक आजीज हेअर." बरोबर आहे कार्टीचं.

१७ फेब्रु., सोम.

प्लांटच्या लॅबमध्ये चिमूटभर टाकलं. पाण्यात बघता बघता विरघळलं. टेस्ट केली. जस्त भरपूर, मॅग्नेशियम नावापुरतं. मी सांगितलं होतं!

बाकीचा नमुना नीट पॅक केला. कापूस, प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या सहा पुड्या, वरून टेप. माझ्या हाताखालून गेलेलं पॅकिंग. सत्तावीस वर्षं लोखंडी पत्र्यांना जस्ताचा मुलामा द्यायच्या कारखान्यात क्वालिटी बघतोय. शिकवण एकच: जस्त कोरडं ठेवा. मुलाम्याचा पत्रा ओला राहिला की त्याला पांढरा गंज धरतो आणि सगळा माल परत येतो. इथली उन्हाळ्यातली हवा म्हणजे ओला टॉवेल. त्या हवेत एक लॉट परत येऊ दिला नाही मी. घरीसुद्धा पासपोर्टांत पुडी, अल्बममध्ये पुडी, पोह्यांच्या डब्यात पुडी. मेधा चिडते, पण पोहे कधी सादळलेत का?

२४ फेब्रु., सोम.

युनिव्हर्सिटीत भूशास्त्राच्या डॉ. शीबांना भेटलो. केरळच्या, चाळिशीच्या, बोलायला कडक. त्यांच्या विभागात काचेचं कपाट आहे, त्यात या देशात सापडलेली खनिजं. प्रत्येकाखाली चार ओळींची चिठ्ठी: नाव, सूत्र, ठिकाण, शोधणारा. गोस्लराइट नाही. विचारून घेतलं.

फोटो बघून बाई सरळ बसल्या. "सर, सैंपल लाइए. एक्स-रे मशीन में डालेंगे. वो बोलेगा तो अलमारी में जाएगा."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कायमचे पुण्याला. नोकरी संपतेय, व्हिसा संपतोय. इथे मला सगळे ओळखतात ते "क्यूसीवाले सोमण" म्हणून. शिकलो भूशास्त्र, पोट भरलं जस्ताच्या कढईवर. त्या कपाटात चौथ्या ओळीत माझं नाव लागायला हवं. लिहायला लाज कसली? हवंय मला ते.

५ मार्च, बुध.

शीबाबाईंच्या टेबलावर डबा उघडला. केस नाहीत. पांढरी पूड. मैदा.

बाईंनी डबा जवळ ओढला. चमचाभर घेतली आणि आत गेल्या.

६ मार्च, गुरु.

त्यांचा फोन. "सर, ये बियांकाइट है. जिंक सल्फेट ही है, लेकिन सात पानी नहीं, छह."

म्हणजे असं. गोस्लराइटमध्ये जस्ताच्या एका कणामागे पाण्याचे सात. कोरड्या हवेत ते पाणी सोडतं. एक गेलं की स्फटिक मोडतो, पूड होते आणि नावही बदलतं. बोगद्यात हवा ओलसर, म्हणून तिथे ते तगून होतं.

मशीन बिघडलंय म्हणालो. बाईंनी शांतपणे विचारलं, "आपने रखा कैसे था?"

सांगितलं. पुड्यांसकट, अभिमानाने. सांगता सांगताच थांबलो.

९ मार्च, रवि.

तीन दिवस स्वतःला शिव्या घालतोय. पाण्यावर जगणारी वस्तू मी सहा पुड्यांत गाडली! हे पुस्तकातल्या अडीच ओळींत होतं, 'कोरड्या हवेत चुरा होतो.' पाठ होतं मला. पण हात सत्तावीस वर्षांचे, त्यांनी विचारलंच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मेधाने एकही टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.

१५ मार्च, शनि.

पुन्हा बोगद्याकडे. इ.भाईंचा रोजा, तरी आले. म्हटलं, नका येऊ, उन्हात पाण्याशिवाय... तर म्हणाले, "साहेब, रोजा माझा आहे, गाडीचा नाही."

भिंत नागडी. डोंगरात पाऊस झाला होता, वरून पाणी झिरपून सगळं धुऊन गेलेलं. पाण्याशिवाय टिकत नाही, पाणी वाहिलं तरी टिकत नाही. असल्या नखरेल खनिजाच्या नादी लागायचं वय आहे का माझं?

इ.भाई भिंतीला हात लावून म्हणाले, "सुकली की परत येईल. माल आत आहे ना?" माल आत आहे. पण माझ्याकडे तीन आठवडे.

२२ मार्च, शनि.

सामान बांधायचं चाललंय. मेधाच्या हाताला ती पूड असलेला डबा लागला. म्हणाली, "पाणी गेलं म्हणता ना? मग परत द्या की."

हसलो. मग हसू थांबलं. होतं तसं! ओलसर हवेत ठेवलं तर बियांकाइट गेलेलं पाणी पुन्हा घेतं. केस येणार नाहीत, पण मशीन केस बघत नाही, आतली रचना बघतं.

झाकणाची काचेची बरणी आणली. अठरा दिरहम, म्हणजे सव्वाचारशे रुपये, मेधाने मोठ्याने हिशोब केलाच. तळाला ओला स्पंज, वर बशीत पूड.

२६ मार्च, बुध.

मशीन म्हणालं: गोस्लराइट.

शीबाबाई उठून उभ्या राहिल्या. "कॉंग्रॅच्युलेशन्स, सर! दूसरा सैंपल मिल गया?"

मी म्हणालो, "हूं."

एवढंच. हूं. त्यांनी माझ्यासमोर चिठ्ठी छापली. चौथ्या ओळीत नाव. फोटो काढून इराला पाठवला. तिचा मेसेज: "सो प्राउड ऑफ यू बाबा!!" इ.भाईंना दाखवला, त्यांनी मिठीच मारली.

जेवण गेलं नाही.

२७ मार्च, गुरु.

सकाळी नऊला युनिव्हर्सिटीत हजर. शीबाबाई यायच्या होत्या, बाहेर उभा राहिलो. आल्या तशा दारातच सांगितलं. दुसरा नमुना नाही. तीच पूड, मीच पाणी पाजलं, घरी, बरणीत.

 बाईंनी आत जाऊन कपाटातली चिठ्ठी काढली, घडी करून खिशात ठेवली.

"सर, ये तो आपके किचन का मिनरल हो गया."

खरं आहे. डोंगराचं ते, पण मशीनने पाहिलं ते माझ्या ओट्यावर तयार झालेलं. म्हणाल्या, भिंतीवरून जसंच्या तसं आणा, ओलसर, थंड, वाटेत न उघडता. नखाएवढं पुरेल.

घरी आल्यावर मेधाला सांगितलं. "कशाला बोललात? कुणाला कळणार होतं?" म्हटलं, "एवढ्या वर्षांत एका खोट्या सर्टिफिकेटवर सही केली नाही. शेवटच्या आठवड्यात करू?"  जरा वेळाने तिला इराला फोन करताना ऐकलं, "तुझा बाप आहेच तसा." आवाजात तक्रार नव्हती. आज वीस दिवसांनी ताठ बसून जेवलो.

इराला मी स्वतः सांगायला हवं होतं. उद्या सांगतो.

२८ मार्च, शुक्र.

नोकरीचा शेवटचा दिवस. केक, भाषणं, घड्याळ. मॅनेजर म्हणाला, मिस्टर सोमणचा एकही लॉट परत आला नाही. टाळ्या. मनात म्हटलं, एक आला, कालच.

इराला सांगितलं.  ती मराठीत बोलली, वर्षातून एकदा बोलते तशी: "बरं केलंत बाबा."

३० मार्च, रवि.

पाडवा आणि ईद एकाच दिवशी. बाल्कनीत गुढी, आणि इ.भाईंकडून शीरखुर्म्याचा डबा. मेधाने त्यांच्याकडे श्रीखंड पाठवलं. इ.भाईंना मिठीचं कारण खोटं होतं हे सांगितलं. म्हणाले, "मिठी परत घेणार नाय मी. शनिवारी गाडी तयार ठेवतो, इन्शाल्ला."

५ एप्रिल, शनि.

पहाटे निघालो. मेधापण आली, पहिल्यांदाच. "माझी सवत बघू तरी," म्हणाली. बोगद्याच्या तोंडाशी साडी खोचून उभी.

भिंत सुकत होती. आधी काही दिसेना. मग इ.भाईंनी बॅटरी आडवी धरली आणि खालच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दिसलं. दाढीचे खुंट वाढावेत तेवढंच. नखाएवढा तुकडा, त्याहून तसूभर जास्त नाही.

मेधा वाकून बघत राहिली. "एवढुसं? एवढ्यासाठी?" म्हणाली, आणि मग हळूच, "सुंदर आहे हो."

दगडासकट कपची काढली. छिन्नी मी धरली, हातोडी इ.भाईंनी.  बरणीत तळाला ओला स्पंज, त्यावर जाळी, त्यावर कपची. झाकण. बरणी बर्फाच्या पेटीत, मध्ये टॉवेल. पुडी नाही! मेधाने माझे खिसेसुद्धा तपासले.

तीन तासांचा रस्ता. बाहेर अडतीस अंश. चाळिशीच्या जवळ गेलं तरी हे पाणी सोडतं. पेटी मांडीवर. इ.भाईंनी एसी असा लावला की मेधा शाल पांघरून बसली. उघडून बघायचा मोह निदान वीस वेळा झाला. नाही उघडली.

संध्याकाळी शीबाबाई सुट्टी असून विभागात आल्या. काचेतून पाहिलं, बराच वेळ. मशीन सोमवारीच चालू होणार. आमचं विमान उद्या.

नवी चिठ्ठी काढली. तिसरी ओळ लिहिली, ठिकाण. चौथीवर थांबल्या.

"नाम के साथ क्या लिखूं, सर? क्यूसी मैनेजर?"

 मेधा बाजूला उभी होती. तीच म्हणाली, माझ्याआधी, तिच्या त्या मोडक्या हिंदीत: "जियोलॉजिस्ट लिखो. वो जियोलॉजिस्टच है."

लिहिलं.

मी म्हणालो, "मैडम, सोमवार को जो निकले, वही ऊपर लिखना. सात पानी, छह पानी, एक पानी. नाम मेरा ही रखना." त्या हसल्या. पहिल्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या.

६ एप्रिल, रवि.

विमानतळ. इ.भाई सोडून गेले. गळाभेट दोनदा. इरा मेधाला धरून बसलीय, दोघी रडतायत आणि दोघी नाही म्हणतायत.

सकाळी शीबाबाईंचा मेसेज आला: झाकण उघडलेलं नाही, केस उभे आहेत.

उद्या दहा वाजता त्या उघडतील. तेव्हा मी पुण्यात असेन, आणि इथले दहा म्हणजे तिथले साडेअकरा. मशीन सात म्हणेल की सहा, मला माहीत नाही. भिंतीवर सात होते. ते मी पाहिलेत.