लोदोयची टोपी आणि माझी बाकीची मालमत्ता

त्या सकाळी मी चुलीत शेणी घातल्या, दूध-मीठ घालून चहा उकळला, पहिली पळी दाराबाहेर जाऊन आभाळाला उडवली, वासराला गाईपासून ओढून बांधले, आणि मग ह्यांच्या टोपीवरचे बर्फ झटकायला घेतले. टोपी आमची नव्हती. आमच्या टोपीला आतून मी हिरवी रेशमी पट्टी शिवली होती. हिला निळी होती. बाकी तोच कोल्हा, तोच शिंपी, त्याच कानपट्ट्या.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे पुरेव म्हणतो. पुरेव माझा शेजारी. तो ट्रक चालवतो, त्यामुळे कायद्याचे सगळे त्याला कळते. तर आता रीतसर लिहिते.

मी, सोनोमची मुलगी बुजिद, राहणार उलानबातर, उत्तरेकडच्या टेकडीवरची गेरवस्ती, म्हणजे तंबूंची वस्ती, वय सत्तरीच्या पुढे, डोके जागेवर आणि हात थोडा थरथरता असताना, कोणीही दरडावलेले नसताना (पुरेव माझा चहा पितो आहे, त्याला दरडावणे म्हणता येणार नाही) हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी माझी छाती ऐकली आणि या हिवाळ्याची हमी देता येत नाही म्हणाल्या. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाटून देण्यासारखे घरात काही ठेवलेच नव्हते लोकांनी.

“आजी, नवऱ्याचं नाव राहिलं,” पुरेव म्हणतो.

राहिलेले नाही, राखून ठेवले आहे. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही अशी आमच्या घरची रीत होती. पुढे सरकारनेही तीच रीत धरली. ह्यांचे नाव छापायचे नाही, उच्चारायचे नाही, फोटोतून चेहरासुद्धा कात्रीने काढायचा. आधी लाजेने घेतले नाही, मग भीतीने. नाव शेवटी लिहीन. तोवर ‘हे’ म्हणते, सगळ्यांना कळते.

कलम पहिले. माझे गेर, म्हणजे हा गोल तंबू, त्याचे लोकरीचे जाड नमदे, लाकडी जाळी, छताच्या काठ्या, चूल आणि धुराडे, हे सर्व माझी मुलगी सेर्जमा हिला. दाराची चौकट ह्यांनी मंत्री असताना स्वतःच्या हाताने नारिंगी रंगवली. “मंत्र्याला ठराव मांडण्यापलीकडे काही येत नाही,” असे मी म्हणाले होते, त्याचा हा परिणाम. रंग ओघळलेला आहे. सेर्जमाने तो खरवडून नवा लावू नये.

कलम दुसरे. तांबडी गाय पुरेवच्या बायकोला, दारीला. ती डावीकडून दूध काढू देत नाही आणि उगाच हंबरून वस्ती जागी करते. गाय म्हणते मी. दारी, तुझे काही नाही यात.

कलम तिसरे. माझ्या वन्सं पागमा यांना मोठे तांब्याचे भांडे. ते त्यांच्याकडेच आहे. ह्यांना पकडून नेले त्याच आठवड्यात वन्सं आल्या होत्या.

“वहिनी, भांडं नेते हो. तुमच्याकडे आता कोण पाहुणे यायचेत?”

“न्या. दादांची आठवण म्हणून न्या,” मी म्हणाले.

“हळू! कुठला दादा?” वन्संनी दाराकडे पाहिले. “मला कोणी दादा नव्हता.”

भांडे मात्र दोन्ही हातांनी उचलले. तेव्हा त्यांच्याही घरात लेकरे होती, हे मला समजते. मी त्यांना भांडे देते. झाकण देत नाही. झाकण माझ्याकडे आहे आणि ते सेर्जमाचे. दर पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला वन्संचे बूझ, मांस भरलेले ते उकडीचे गोळे, वाफेवाचून अर्धे कच्चे राहतात, हे मला वस्तीतून कळत आले आहे, आणि त्याने माझे पुष्कळ सण गोड झाले आहेत.

कलम चौथे. माझी पुस्तके वस्तीच्या शाळेला. मी शाळेत गेलेली नाही. वाचायला शिकले ते वर्तमानपत्रात ह्यांना शिव्या छापून आल्या म्हणून. शेजारणी वाचून दाखवायच्या, पण चांगुलपणाने निम्म्या शिव्या गाळायच्या. मला सगळ्या हव्या होत्या. म्हणून वरून खाली जाणारी ती उभी अक्षरे शिकले. जरा नीट वाचता येऊ लागले तर सरकारने अक्षरे आडवी केली. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी डब्यांवरच्या चिठ्ठ्या आणि दुकानांच्या पाट्या वाचून. मुलांनी पुस्तकांना बोटे लागतील याची काळजी करू नये. माझ्या बोटांचे चहाचे डाग आधीच आहेत.

कलम पाचवे, टोपी. हे मोठे आहे. पुरेव, चहा ओतून घे.

हे मूळचे डाकेच्या घोड्यांवरचे स्वार. लोदोय त्यांचा आंदा, म्हणजे शपथेचा भाऊ. दोघांनी तपकिरीच्या डब्या बदलून भाऊपण पत्करले होते. क्रांतीच्या वर्षी दोघे एका घोड्यावर बसून सरहद्दीपलीकडे गेले, कारण दुसरा घोडा लंगडा होता. परत आले ते पुढारी होऊन. ह्यांना पशुधन खाते मिळाले. खात्याबरोबर खुर्ची आली. खुर्चीवर कसे बसतात ते माहीत नव्हते, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात हे खुर्चीवर मांडी घालून बसत आणि दाराशी आलेल्या धनगरांना, “आत या, पण ह्या वस्तूवर जपून बसा, उलटते,” असे सांगत. माझा संसार उभा राहिला तो तेव्हाच. घरी लोक यायचे, लोदोय तर रोजचाच. “वहिनी, मीठ कमी आहे!” म्हणत तीन वाटगे चहा प्यायचा.

आमच्यात दुसऱ्याची टोपी कोणी घालत नाही. माणसाचे दैव त्याच्या टोपीत राहते. म्हणून टोप्या घरात वरच्या, मानाच्या बाजूला, वेगवेगळ्या ठेवतात. जमिनीवर टाकत नाहीत, ओलांडत नाहीत. ह्यांना हे पटेना. बैठकांमध्ये कोणाची टोपी वर आणि कोणाची खाली यावरून तास जायचा. तेव्हा ह्यांनीच ठराव मांडला की टोप्यांची उच्चनीचता बंद, सर्वांनी दाराशी एकाच रांगेतल्या खुंट्यांना टोप्या लावाव्यात. ठराव एकमताने पास झाला. लोदोयने सगळ्यांत आधी हात वर केला.

पुढच्याच बैठकीला सभापती निवडायचा होता. लोदोयचे नाव पुढे होते, ह्यांचेही. वाद वाढला, निवड दुसऱ्या दिवसावर गेली. बाहेर वादळ सुटलेले, अंधार पडलेला, सगळे एकदम उठले. हे घरी आले ते लोदोयची टोपी घालून. लोदोयला खुंटीवर एकच टोपी उरलेली दिसली, आत हिरवी पट्टी असलेली. दुसऱ्याची टोपी तो घालणार नाही. त्या थंडीत तो बोडक्या डोक्याने चालत घरी गेला आणि उजव्या कानाचा शेंडा गमावून बसला.

सकाळी बर्फ झटकताना निळी पट्टी दिसताच मी हाक मारली. ह्यांनी पाहिले, आणि चहा तसाच ठेवून टोपी अंगरख्यात घेऊन धावत गेले. मीही मागोमाग गेले. लोदोय दारात उभा, कानाला चरबी चोपडलेली.

“अरे आंदा, चुकून झालं. घे तुझी.”

“ती आता माझी नाही. तू घातलीस.”

“वेडा आहेस का? आपण दोघंही अंधश्रद्धेविरुद्धच्या समितीवर आहोत!”

“म्हणून तर दारात बोलतोय. नाहीतर बोललोच नसतो.”

“भावजी,” मी म्हणाले, “आत घ्या, चहा द्या, दोघं हसून मोकळे व्हा.”

“वहिनी, बरोबर निवडीच्या आदल्या दिवशीच कशी चूक होते हो?”

आणि दार लावले. दैव चोरले असे त्याला म्हणायचे होते, पण समितीवरच्या माणसाला तसे म्हणता येईना. तेव्हा वर्तमानपत्रात त्याने लिहिले की ह्यांनी ‘नेतृत्व बळकावण्याचा हेतू उघड केला’. टोपीचा उल्लेखही नाही. मी पुढे वाचायला शिकले तेव्हा टोपीच शोधत होते.

त्या लेखापासून ह्यांना उतार लागला. मंत्र्याचे उपमंत्री झाले, उपमंत्र्याचे दूरच्या प्रांतात लोकर-कोठाराचे प्रमुख, मग त्याच कोठारात वजन करणारे. टेबल दर वेळी लहान होत गेले, शेवटी टेबलाच्या जागी तराजू आला. हे म्हणायचे, “बुजिद, हे बरं आहे. लोकर ठराव मांडत नाही.” आम्ही खरेच हसायचो. सेर्जमा तराजूच्या पारड्यात बसून झुलायची.

सदतीसच्या शरदात माणसे आली. जुने वर्तमानपत्र त्यांनी बरोबरच आणले होते. ‘हेतू’ तिथूनच घेतला. ह्यांनी अंगरख्याचा कमरबंद बांधला. घरात दोन टोप्या होत्या, आमची बैठकीच्या खुंटीवरून मी कधीच आणली होती. आमची हातात घेतली, उलटी करून हिरवी पट्टी पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, मग घातली. “या वेळी माझीच आहे,” म्हणाले. उंबरा नीट ओलांडून गेले. ते परत आले नाहीत. मी गाईचे दूध काढले, कारण गाय थांबत नाही. त्यानंतर रोज सकाळी चहाची दुसरी पळी मी त्यांच्या नावाने उडवत आले, नाव न घेता.

सेर्जमाला शाळेतून काढले. आमच्यात माणसाच्या नावाआधी बापाचे नाव असते. तिला जगायचे होते म्हणून कागदावर मी माझे लावले. बुजिदची सेर्जमा. लोकरीच्या गिरणीत अजूनही नवा कोणी आला की विचारतो, “बापाचं नाव नाही होय तुला?” ती हसून सांगते, “आईनं सगळं एकटीनं केलं.” विनोद चांगला आहे. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून निजते.

आता अशा जुन्या खटल्यांसाठी एक समिती बसली आहे. तिथला पोरगेला अधिकारी सभ्य आहे. तो म्हणाला, “आजी, आरोप एकाच लेखावर उभा आहे. तो लिहिणारा हयात आहे. तो येऊन चूक झाली म्हणाला, तर नाव परत मिळेल. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत.” लोदोय चौकाजवळच्या, गरम पाण्याच्या नळांनी उबवलेल्या पक्क्या इमारतीत राहतो. मी दोनदा गेले. सुनेने दाराच्या फटीतून सांगितले, “बाबा झोपलेत.” तिच्या पाठीमागून बाबांच्या खोकण्याचा आवाज येत होता.

म्हणून, निळ्या पट्टीची टोपी, जी मी दर उन्हाळ्यात उन्हात ठेवून कसर लागू दिली नाही, ती मी लोदोयला मृत्युपत्राने देते. अट एकच. माझ्या मरणानंतर त्याने ती सेर्जमाच्या हातून घ्यावी, समितीपुढे जावे आणि सांगावे की टोपी चुकून बदलली होती. ह्यांचे नाव परत मिळाले की ते सेर्जमाच्या नावाआधी लागेल. मला यापलीकडे काही वाटायचे नाही.

वर लिहिलेले मी पुरेव आणि दारीला वाचून दाखवले. दारीने डोळे पुसले आणि गाईबद्दल धन्यवाद दिले. पुरेवने वाटगा रिकामा करून खाली ठेवला.

“आजी, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“तो लोदोय तुमच्याहून मोठा ना?”

“मोठा आहे.”

“मग तुमच्या मरणानंतर तो तरी असेल का टोपी घ्यायला?”

“अहो, काय बोलताय!” दारीने त्याला कोपर मारले.

ट्रकवाल्याला कायदा कळतो तो असा.

साक्षीदार:
१. दाग्वाचा मुलगा पुरेव, ट्रकचालक (सही)
२. खायंखिरवाची मुलगी दारी, गृहिणी (सही)

मृत्युपत्र करणार: सोनोमची मुलगी बुजिद (सही). पतीचे नाव: उद्या लिहीन.

स्थळ: उलानबातर, उत्तरेची गेरवस्ती. तारीख: १४ ऑक्टोबर १९६३.

पुरवणी. कलम पाचवे मी रद्द करते, कारण ती टोपी आता माझ्या मालमत्तेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा उकळला, पहिली पळी आभाळाला उडवली, दुसरी तोगमिदच्या नावाने, नाव मोठ्याने घेऊन. मग लोदोयची टोपी माझ्या डोक्यावर घातली, कानपट्ट्या हनुवटीखाली बांधल्या, सगळ्यांना दिसेल अशी भर चौकातून चालत गेले, आणि दार फटीएवढे उघडले तेव्हा सुनेला म्हटले, “बाबांना उठव. तोगमिदची बायको त्यांची टोपी घालून आली आहे म्हणावं.”