पिठात उमटलेला फिडेलिस

२१ ऑक्टोबर १९२३, रविवार

सगळ्यात आधी उगवली ती बेकरीवाली हाबरकोर्नबाई — चर्चमधून थेट, डोक्यावरची टोपीही न उतरवता! तिला वास लागतोच. मोटार कुणाकडे आलीय, हेच बघायचं होतं. मोटार आमच्याकडेच. दोन पाहुणे. एक उंच, गालावर तलवारीचा व्रण — ही शिकलेली पोरं हौसेनं करून घेतात तो. दुसरा बुटका, टोपी गुडघ्यावर घेऊन बसला. मी सफरचंदाची दारू दिली, यंदा छान आंबलीय. दोन-दोन पेले प्याले. घरात माणसं आली की मला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

युगेनची पदकं बघायला आले होते. युगेन सोनारकाम शिकलेला, पण लढाईनंतर कानातली घेतंय कोण? म्हणून माझा थोरला ही टिंगलीची पदकं ओततो. नोटांच्या ढिगावर बसलेलं डुक्कर, घोड्याऐवजी गोगलगायीवर स्वार झालेला मंत्री. लोक हसतात, खिशात टाकतात. सगळ्यात खपलं ते लढाईत गबर झालेल्या शेटजीचं — पुढे तो सॉसेज खातोय, मागे शिपाई भीक मागतोय. शिपायाला तोंड फिडेलिसचं. माझा धाकटा. लढाईत फ्लँडर्सच्या चिखलात गेला. युगेननं मला विचारूनच केलं होतं. मी म्हटलं कर, पोरगा कुणाच्या तरी खिशातून हिंडेल.

पाहुण्यांना तोच शिपाई हवाय. पण भिकारी नको म्हणाले, देखणा हवा. मी केवढी खुश झाले!

२३ ऑक्टोबर

युगेन कोरतोय. जेवायला हाका मारून थकले, शेवटी ताट त्याच्या बाकावरच नेऊन ठेवलं.

२६ ऑक्टोबर

कोळसा आला! गाडीभर, पाहुण्यांकडून, कामाच्या आधीच. हाबरकोर्नबाई खिडकीतून बघत राहिली. बघू दे.

रात्रीपर्यंत स्वयंपाकघर ऊबदार. डाळीत शेवया घातल्या. युगेन दोन घास खाऊन उठला. मग मी खोदून विचारलं, पदकाच्या मागच्या बाजूला काय आहे रे? तो म्हणाला, सुरीवाला. फिडेलिसला पाठीत भोसकणारा.

पण फिडेलिसला तर तोफगोळा लागला.

"तसं नाही, आई. त्यांचं म्हणणं, लढाई आपण हरलो नाही, घरातल्यांनीच पाठीत सुरी घातली."

घरातल्यांनी म्हणजे कुणी? म्हणाला, त्या उंच माणसानं नाकावरून बोट फिरवून दाखवलं आणि आपल्या खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघितलं.

समोर लोव्हेनगार्टचं दुकान, गल्लीतलं एकुलतं ज्यू घर. बटणांचं.

मी तेव्हा दारू ओतत होते. मला वाटलं होतं, नाक खाजतंय.

२७ ऑक्टोबर

झोप नाही. लोव्हेनगार्ट फिडेलिसच्याच तुकडीत होता. त्यानंच त्याला चिखलातून ओढून काढलं. नंतर मी विणलेला मफलर घेऊन आमच्या दारात उभा राहिला, म्हणाला, "काकू, तो एकटा नव्हता." एवढंच. पुढे सहा वर्षं माझ्या सगळ्या झग्यांना बटणं त्याचीच. सुटलेलं बटण तो तिथल्या तिथे लावून देतो, बाईसारखा टाका घालतो.

युगेनला म्हटलं, कोळसा परत कर. म्हणाला, "अर्धा शेजाऱ्यांना वाटलास तूच, आई." खरंय. हाबरकोर्नबाईलासुद्धा दोन बादल्या दिल्या.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

सगळं गाव मेणबत्त्या घेऊन कबरींकडे. फिडेलिसची कबर इथे नाही, तिकडेच कुठेतरी पुरलाय, म्हणून त्याची मेणबत्ती त्याच्या बापाच्या कबरीवर, दोघांत एक. लोव्हेनगार्ट दर वर्षी फाटकाबाहेर थांबतो, आत येत नाही, मी बाहेर आले की माझा हात धरून रस्ता ओलांडून देतो. आजही थांबला होता. युगेन त्याला बघून मागच्या फाटकानं निघून गेला.

"युगेनची तब्येत बरी आहे ना?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, थंडी बाधलीय.

६ नोव्हेंबर

काय करून बसले!

साचे तयार झाले. दोन, प्लास्टरचे, पांढरे. युगेन सगळं उलटं आणि खोलगट कोरतो, त्यात मला तोंड कधी दिसतच नाही, नुसते खड्डे. आणि मला फिडेलिस बघायचा होता. भिकारी नाही, आमच्या घरातला. युगेन बाहेर गेलेला. नाताळच्या बडीशेपेच्या बिस्किटांचं पीठ मळून ठेवलं होतं. आमच्या आजीपासूनचे लाकडी साचे आहेत, पीठ दाबलं की घोडा उमटतो, देवदूत उमटतो. म्हटलं हाही साचाच की! दाबलं.

उमटला. केस बाजूला पाडलेले, ओठाचा एक कोपरा वर — खोडी काढून आल्यासारखा. मी फळीपुढे खाली बसले.

मग साच्याकडे पाहिलं. लाकूड पीठ सोडतं, प्लास्टर सोडत नाही. नाकाकडचं प्लास्टर पिठाबरोबर निघून आलेलं, कपाळाला भेग. साचा गेला.

तेवढ्यात युगेन आला. मला वाटलं ओरडेल. बिस्किटाकडे पाहत राहिला. मग दुसरा साचा आणून माझ्यापुढे ठेवला.

"हाही दाब, आई."

दाबला. सुरीवाला उमटला. मोठं नाक नाही. फाटलेला डावा कान — लहानपणी कुत्रा चावला होता तो. हनुवटीवरची खळी. माझा थोरला.

मी वर पाहिलं.

"दुसऱ्या कुणाचं तोंड हाताला येईना," तो म्हणाला. "भावाला विकलं कुणी? मीच ना."

आणि माझ्या मांडीत डोकं घालून रडला. एवढा बाप्या.

७ नोव्हेंबर

बिस्किटं सुकली, दगडासारखी. दोघं भाऊ खिडकीत शेजारी ठेवलेत. सकाळी लोव्हेनगार्ट दुकानाच्या पायरीवर आला, बराच वेळ बघत होता. मग टोपी काढली.

कोळसा संपत आलाय. पाहुणे पदकं न्यायला शुक्रवारी येतो म्हणालेत, नऊ तारखेला; द्यायला आता ही दोन बिस्किटंच आहेत.