रविवारचा गुलामचोर

सोलापूर,
रविवार, २२ सप्टेंबर १९७४

प्रिय हेमा,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. दुसऱ्या पत्रात तू एवढंच लिहिलंस, की खोलीला चुना लावून झाला, आता कधी येतेस ते कळव. त्या एका वाक्याने मला आठवडाभर बेजार केलं आहे. धारवाडला तुझ्याकडे कायमचं राहायला यायचं, हे यांच्या पहिल्या पुण्यतिथीला आपण दोघींनी ठरवलं होतं. तू शाळेतून निवृत्त होणार, मी इथे एकटी, मूलबाळ नाही. दोन म्हाताऱ्या एका छपराखाली राहतील, असं तूच म्हणाली होतीस आणि मीही मान डोलावली होती. मग मध्येच मी कॉलेजात नाव नोंदवलं आणि तुला 'दिवाळीपर्यंत बघू' असं मोघम कळवलं. आज उत्तर द्यायलाच बसले आहे, पण आधी मनातला गोंधळ तुझ्यापुढे ओतल्याशिवाय ते मला जमणार नाही.

लग्नामुळे इंटरला सुटलेलं शिक्षण पन्नाशीनंतर पुन्हा धरायचं म्हणजे पुस्तकांची भीती वाटेल असं मला वाटलं होतं. पुस्तकांचं काही नाही गं, ती आपली जुनीच मैत्रीण. भीती वाटली ती बाकाची. जूनपासून माझ्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी जागा रिकामी राहायची. मुलं वाईट नव्हती. उलट फार चांगली. मी दारात दिसले की बोलणं थांबवायची, 'या काकू' म्हणून वाट द्यायची, आणि मी पुढे गेले की पुन्हा बोलायला लागायची. काय बोलत होती ते मला कधीच कळलं नाही.

तेव्हा आपल्या बोर्डिंगच्या सिस्टर ॲग्नेस आठवल्या. नवी मुलगी रडत बसली की त्या म्हणायच्या, तिला गप्पांत ओढू नका, खेळात ओढा. तू मला तसंच ओढलं होतंस, ल्यूडोच्या पटावर, माझी वेणी धरून. म्हणून मी धीर करून वर्गातल्या काही जणांना रविवारी चारला घरी खेळायला बोलावलं. पहिल्या रविवारी मीच घोळ घातला. सिस्टरांच्या पद्धतीने टेबलावर पांढरं कापड, कपबश्या, काकडीची सँडविचेस. बिचारी मुलं खुर्च्यांच्या कडांवर अशी बसली, जणू मुलगी बघायला आली आहेत. मायाप्पाने तर सँडविच रुमालात बांधून खिशात ठेवलं. पुढच्या रविवारी टेबल भिंतीला लावलं, खाली चादर अंथरली, परातभर चुरमुरे कालवले, आणि मग त्यांचे आवाज मोकळे झाले.

येणारी मुख्य तिघं. अंबादास साखर पेठेतला, घरी माग आहेत, घरात तेलुगू बोलतात. मायाप्पा जेऊरकडचा, मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरातला पहिला शिकणारा, लाजाळू. आणि मल्लव्वा, मंगळवेढ्याची, मुलींच्या वसतिगृहात राहते, जीभ मोठी तिखट. मायाप्पा एकदा सहज बोलून गेला, "काकू असल्यावर पोरापोरींनी संगं बसलं तरी कुणी काय म्हणत न्हाय." मी त्या रात्री फार विचार केला. ही मुलं माझ्याकडे येतात, की माझ्या वयाच्या सावलीत बसायला येतात? मग वाटलं, सावली तर सावली, कुणी बसतं आहे ना.

आम्ही गुलामचोर खेळायचो. तुला आठवतच असेल, तीन गुलाम काढून एकच ठेवायचा, शेजाऱ्याच्या हातातलं पान न बघता ओढायचं, जोड्या लागतील तशा टाकायच्या, आणि शेवटी ज्याच्या हाती गुलाम उरेल तो चोर. चोराने कान धरून पाच उठाबशा काढायच्या. सगळ्यांनी काढल्या, मायाप्पाने तर कितीदा. मी मात्र एकदाही चोर झाले नाही. मला आपली हुशारी वाटायची. मग एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की गुलामाचा एक कोपरा दुमडलेला आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या हातात तो आला की अंबादास बरोबर तेच पान ओढायचा. मी मुद्दाम कोपरा बोटाखाली दाबून पाहिला, तर हा पठ्ठ्या माझ्या बोटाखालून गुलाम काढून घेतो आणि वर कपाळाला हात लावतो, की काय माझं नशीब. हेमा, मी चहा ठेवायला म्हणून उठले आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. इतक्या मायेने कुणी मला खेळाबाहेर बसवलं नव्हतं.

तीन रविवारांपूर्वी अंबादास उशिरा आला आणि माझ्याशेजारी मल्लव्वा बसली. तिने माझ्या हाताकडे बघितलं, दुमडलेला कोपरा बघितला, आणि दुसरंच पान ओढून जोडी टाकून मोकळी झाली. म्हणाली, "काकू, चोर तुमी. काढा की उठाबशा. आमी काढल्या न्हाईत व्हय?" अंबादास तिच्यावर खेकसला, "येडी का गं तू, वय बघ की त्यांचं." तर ती म्हणते, "पत्त्याला कुटं वय कळतंय?"

मी उठले. पदर खोचला, कान धरले आणि बसले. पहिल्या उठाबशीला गुडघे असे वाजले, की मायाप्पाने दाराकडे बघितलं. दुसरीला मला हसू फुटलं, ते थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी तोंडाला पदर लावून आत पळाले. खरं सांगू, ते हसणं होतं की रडणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तोंड धुऊन बाहेर आले तर चादर रिकामी. चुरमुऱ्यांची परातसुद्धा घासून उपडी घातलेली. काकूंना रडवलं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

गेले दोन रविवार कुणी आलं नाही. वर्गात पुन्हा 'या काकू'. मल्लव्वा मागच्या बाकावर गेली. काय करावं कळेना. रागावले नाही हे सांगायचं कसं? सांगायला गेलं की मोठ्या माणसाने क्षमा केल्यासारखं होतं. शेवटी शुक्रवारी वसतिगृहावर गेले. ती मला बघताच रडायला लागली, "चुकलं काकू" म्हणत पाया पडायला वाकली, आणि मला एवढा संताप आला की मी तिचा दंड धरून तिला उभी केली. मोठं काहीतरी बोलायचं होतं, सुचलं नाही. मी एवढंच म्हणाले, "माझ्या तीन उठाबशा राहिल्या आहेत." ती हसली नाही. नाक पुसून म्हणाली, "बगू." आता ते येऊ असं होतं, की जावा आता असं, मला समजलं नाही.

मिलचा साडेतीनचा भोंगा होऊन गेला. चादर अंथरली आहे. ती येतील की नाही ठाऊक नाही, म्हणूनच त्याआधी हे लिहून टाकते: हेमा, मी धारवाडला येत नाही. दिवाळीलाही नाही, पुढेही बहुधा नाही. मुलं आली तर राहीन आणि नाही आली तर तुझ्याकडे येईन, असं झालं तर तुझ्या घराचा तो अपमान होईल. नाही आली तर उद्या मला आपणहून मागच्या बाकावर मल्लव्वाशेजारी जाऊन बसायचं आहे, आणि ते इथे राहूनच करता येईल. तुझ्याकडे मला सगळं सुख मिळालं असतं, हे मला माहीत आहे. मग नको का म्हणते, हे मलाच नीट कळत नाही, तर तुला काय समजावू? खोली तुझ्या शाळेतल्या त्या नव्या शिक्षिकेला दे. तुला वाईट वाटेल, राग येईल. तो आला तर चांगला चार पानं भरून ये म्हणावं. फक्त 'तुझी तब्येत सांभाळ' असं समजूतदार पत्र मला पाठवू नकोस.

तुझीच,
रत्ना