एलिव्हेटर, दीड सेकंद

४ जानेवारी, रविवार

धुकं. मलिहाबादच्या पुढे रस्ता दिसत नव्हता, तरी गेलो. आंब्याच्या बागा संपतात तिथलं आमचं पडीक रान. अकराला जरा उघडलं. तिवारीने क्लबचं जुनं शिकाऊ मॉडेल विमान लावलं आणि आपला रेडिओ, म्हणजे विमान जमिनीवरून चालवायचा रिमोट, माझ्या रेडिओला जोडला. विमान मी उडवायचं, त्याने स्विचवर अंगठा ठेवून शेजारी उभं राहायचं. मी चुकलो की विमान त्याच्या हातात. सहा वर्षांपूर्वी याच रानात मी त्याला शिकवलं, औषधाचं दुकान बंद करून यायचा. तेव्हा स्विचवर अंगठा माझा असे.

"सर जी, मुझे अच्छा नहीं लगता। पर कमेटी ने बोला है।"

क्लबची कमिटी म्हणजे कर्नल.

दहा मिनिटं उडवलं. स्विच एकदाही दाबावा लागला नाही, असं तिवारीने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. लहान मुलाने ताट संपवलं की सांगतात तसं.

७ जानेवारी

माझ्या 'सारस' विमानाचे तुकडे माळ्यावरून काढले. बांधायला दोन हिवाळे लागले होते. पंखांवरचं रेशीम मंदाने अमीनाबादेत पाच दुकानं पालथी घालून निवडलं होतं.

नोव्हेंबरात उतरवत होतो. शंभर हातांवर असेल. फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग कमी करायचे पंखांमागचे फळे, खाली टाकले, नाक एकदम आकाशाकडे, वेग मेला, डावा पंख कलला. संपलं.

धूळ खाली बसायच्या आत कर्नल म्हणाला, "हाथ काँप गए प्रोफेसर साहब के।" हळहळून म्हणाला. राग असता तर भांडता आलं असतं. हळहळ सगळ्यांनी उचलली. त्याच आठवड्यात ठराव: प्रोफेसरांनी एकट्याने उडवू नये.

माझे हात कापत नाहीत. मंदाला विचारलं. "अहो, मी रोज बघते. नाही कापत." बायकोची साक्ष कोण धरतं.

९ जानेवारी

रेडिओतून सारसची मेमरी पुसायला बसलो. पुसण्याआधी सगळी पानं चाळली, सवय म्हणून. सर्व्हो स्पीडचं पान, म्हणजे फळे हलवणाऱ्या छोट्या मोटरींचा वेग. फ्लॅप: ०.

मी ३ ठेवले होते. तीन सेकंदांत, सावकाश, खाली. शून्य म्हणजे मोटरला जमेल तितक्या झटक्यात. त्या विमानाला फ्लॅप झटक्यात दिले तर नाक वर जाणारच. कोणाच्याही हातात.

वही काढली. सापडलं. माझ्या अक्षरात, ३ सेकंद.

सारस पडलं त्या सकाळी रेडिओ एकाच माणसाच्या हातात दिला होता, कर्नलच्या. "ज़रा आपका मेन्यू देख लें।" मी चहा आणायला गेलो होतो.

११ जानेवारी, रविवार

गेलो नाही.

कुणाला सांगू? दोन महिन्यांनी पडद्यावरचा एक आकडा दाखवायचा? म्हणतील, म्हातारा आता यंत्राला दोष देतोय.

काय हवं आहे ते नीट लिहून ठेवतो. माफी नको. त्याचं विमान पडलेलं हवं आहे. त्याच्या हातून, सगळ्यांच्या समोर. आणि मग हळहळ माझी.

१८ जानेवारी, रविवार

कर्नलचं नवं विमान. पेट्रोल इंजिन, नऊ किलो, पंख माझ्याहून लांब. सगळे भोवती. कोणी हात लावला की कर्नल रुमालाने पुसत होता.

"सेटअप आपके सिवा कौन करेगा, प्रोफेसर साहब।"

खरं आहे. इथल्या सगळ्यांच्या रेडिओत मीच आकडे भरतो. हे लोक मेन्यूत शिरत नाहीत, घाबरतात. ठराव झाला तरी त्यात फरक पडला नाही. उडवायला माझे हात चालत नाहीत. बाकी सगळ्याला चालतात.

हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की तिवारीने माझ्याकडे बघितलं.

२२ जानेवारी

कर्नल सरोजिनी नगरहून सकाळीच आला. जेवणाच्या टेबलावर विमानाची शेपटी, बाजूला पोहे. दोनदा घेतले. "भाभी जी, इसके लिए तो हम रोज़ आएँ।" मंदा खूश.

त्याच्या रेडिओत फ्लॅपचा वेग भरताना सहज विचारलं, हे पान कधी बघितलंय?

"हाँ हाँ। आपके वाले में भी देखा था। फ्लैप इतने सुस्त उतर रहे थे, हमने सोचा कुछ खराबी है। हमने ही तो ठीक किया था।"

"कब?"

"अरे वही दिन, जब आपका बेचारा..." आणि पोह्यातला शेंगदाणा वेचून खाल्ला. दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी पडलेल्या आहेत. एकमेकींना शिवत नाहीत.

त्याने मुद्दाम केलं नाही. हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. वाढला. मुद्दाम केलं असतं तर निदान मी त्याच्या हिशेबी कोणीतरी असतो.

रेडिओ माझ्याकडे ठेवून गेला.

२३ जानेवारी

उडवण्याआधीची आमची तपासणी: मागे तिवारी उभा राहून ओरडतो, ऊपर, नीचे, दाएँ, बाएँ. उडवणारा स्टिक हलवतो. शेपटीचा फळा योग्य दिशेला गेला की "सब सही"! दिशा बघतात. वेग कोणी बघत नाही. आणि कर्नल तपासणीत स्टिक हलवतो ती परेडची सलामी दिल्यासारखी, सावकाश, टोकापर्यंत. हवेत मात्र उपटल्यासारखी.

एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा फळा. त्याचा वेग ० हवा. मी १.५ भरले. टोकापासून टोकापर्यंत दीड सेकंद. एरवी डोळा लवायच्या आत होतं.

हलक्या हाताने उडवणाऱ्याला जड वाटेल, एवढंच. उपटणाऱ्याला विमान उत्तर देणार नाही. तो आणखी उपटेल. मग दोन्ही उत्तरं एकदम येतील, तोवर जमीन आलेली असेल.

सेव्ह केलं. वहीत लिहिलं नाही. इथे लिहिलं.

१ फेब्रुवारी, रविवार

वारा. कोणीच उडवलं नाही. शेकोटीभोवती शेंगदाणे, गूळ. कर्नल त्याच्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगत होता. मी हसण्याच्या जागी हसलो. घरी येताना कळलं की आठवडाभर बरी झोप लागते आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

स्वच्छ. वारा नाही. सगळे आले.

तिवारी ओरडला. ऊपर. नीचे. कर्नलने सलामी दिली, फळा तिच्याबरोबर सावकाश गेला. "सब सही, सर!"

मी मागे जाळीपाशी जागा धरली होती. तिथून सगळं दिसतं.

कर्नल वळला, चालत आला, रेडिओ माझ्या गळ्यात अडकवला. "पहली उड़ान आपके हाथ से। हमारे बस की नहीं, जनाब। सच कहें, डर लग रहा है।"

ठरावाचं काय, मी विचारलं.

"कमेटी हम हैं।"

मेन्यूत जाऊन बदलता आलं असतं. सात माणसं वाकून पडद्याकडे बघत होती. तसंच उडवलं.

असं उडवणं कधी केलं नव्हतं. प्रत्येक हालचाल आधी मागायची आणि वाट बघायची. सहा मिनिटं. मान घामाने भिजली. उतरवताना नाक कधी उचलायचं ते दीड सेकंद आधी ठरवलं. चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

टाळ्या. कर्नलने मिठी मारली. "देख लो भाई! हाथ तो जवान हैं प्रोफेसर साहब के। आज से वो रेडियो जोड़ने वाला नाटक खत्म।" तिवारीच्या डोळ्यांत पाणी, वेडा.

रेडिओ परत देण्याआधी मी एकटा चालत विमानापाशी गेलो, इंजिन बंद करायला. कोणी मागे नव्हतं. ते पान उघडून शून्य करायला चार सेकंद लागतात.

केलं नाही.

दुसरी फेरी कर्नल घेणार होता. मग म्हणाला, "आज बस। नज़र न लगे।" पुढच्या रविवारी.

९ फेब्रुवारी

का केलं नाही.

माझं होतं ते परत मिळालं. पण त्याने दिलं म्हणून मिळालं. घेतलंही त्यानेच होतं, दिलंही त्यानेच, दोन्ही वेळा तो मोठ्या मनाचा.

आणि हेही: काल मी ते विमान सगळ्यांसमोर सुरेख उतरवलं. आता पडलं तर यंत्राला कोण दोष देईल? सात साक्षीदार आहेत. त्याच्याच भाषेत, हाथ काँप गए.

हे मी आखलं नव्हतं. आखून इतकं चोख जमलं नसतं.

११ फेब्रुवारी

मंदा म्हणाली, "ठराव उठला, मग तोंड असं का?" म्हटलं, सर्दी. तिने काढा दिला. प्यायलो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पाचला कर्नलचा फोन.

"कल मैडम भी आ रही हैं। घुटने के ऑपरेशन के बाद पहली बार निकलेंगी। कुर्सी पट्टी के किनारे लगवाएँगे, दूर से उन्हें दिखता नहीं।"

"कुर्सी पीछे लगवाइए। जाली के पीछे।"

"अरे! हम पर भरोसा नहीं?" हसला.

"कुर्सी पीछे।"

"अच्छा बाबा, पीछे। पर सुनेंगी थोड़े ही, खिसका लेंगी आगे। हमारी कब सुनी है।"

नऊ किलो. पुढे पंखा. हे मला तेवीस तारखेलाही माहीत होतं, पण तेव्हा काठावर कोणी बसलेलं नव्हतं.

म्हटलं, सकाळी उडवण्याआधी रेडिओ एकदा मला द्या.

"किसलिए?"

"एक चीज़ देखनी है।"

"ना ना ना। आपने सेट किया, आपने उड़ाया, आपने उतारा। अब किसी को हाथ नहीं लगाने देंगे, आपको भी नहीं। जैसा है, एकदम वैसा ही उड़ाएँगे हम।" आणि फोन ठेवला.

म्हणजे गुपचूप होणार नाही. आकडा सांगावा लागेल. आकडा सांगितला की कोणी भरला ते सांगावं लागेल. आज फोनवर एकट्याला, किंवा उद्या मैदानावर सगळ्यांना, तिवारीसकट.

"कोणाचा होता?" मंदाने आतून विचारलं.

"कर्नलचा."

"काय म्हणतात?"

"उद्या आठला या म्हणतात. मॅडमही येणार आहेत."

"मग डबा देऊ का? त्यांच्या बायकोलाही होईल."

दे म्हटलं.

पावणेसहा झाले. सातला तो फिरायला निघतो, फोन घरी ठेवून. नंबर काढून समोर ठेवला आहे.